प्रवासांतील स्वस्त जेवण : जपानी बेंतो आणि मावळी डबा

दुपारचे बारा वाजले म्हणजे पंडित आणि पाथरवट, कारकून आणि कारखानदार, सर्वांना एकाच गोष्टीची आठवण होते. घरीं असणाऱ्यास ती आठवण गोड असते. पान वाढलेलें असतें आणि हांक येण्याचाच काय तो अवकाश असतो. प्रवाशाची गोष्ट निराळी. परक्या मुलखांत, परक्या लिपीच्या पाट्यांखालीं उभें राहून, खिशांतील पैसे बोटांनीं चाचपीत, येथें पोटभर, चांगलें आणि परवडेल असें काय मिळेल, हा प्रश्न त्याला रोज नव्यानें सोडवावा लागतो. लढायांच्या आणि तहांच्या तारखा इतिहासकारांनीं काळजीपूर्वक नोंदल्या. सामान्य वाटसरूनें दुपारीं काय खाल्लें, हें मात्र बखरींच्या समासांतच राहून गेलें. वास्तविक एखाद्या समाजाची व्यवस्था, त्याची नीति आणि त्याचे भेदाभेद पाहावयाचे असतील, तर तो समाज परक्या पांथस्थाला थोड्या पैशांत काय जेवूं घालतो हें पाहावें.

या दृष्टीनें पाहण्याजोगा एक मुलूख पुण्याच्या उत्तरेस आणि वायव्येस पसरलेला आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, तळेगांव दाभाडे आणि चाकण अशी ती गांवांची माळ. चिंचवड मोरया गोसावींचें, देहू तुकोबांची, आळंदी ज्ञानोबांची. आणि चाकणचा भुईकोट संग्रामदुर्ग म्हणजे फिरंगोजी नरसाळ्यांनीं इ. स. १६६० मध्यें शाएस्तेखानाच्या अफाट सैन्यासमोर सुमारें दोन महिने झुंजविलेला किल्ला. त्याच भूमीवर आज मोटारी, दुचाकी, टायर आणि यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. येथें कामानिमित्त आलेल्या जपानी अभियंत्याची आणि मावळांतून आलेल्या कामगाराची दुपार एकाच भोंग्यानें होते. एक वाडग्यांतील भात काड्यांनीं उचलतो, दुसरा स्टीलच्या डब्याचें झांकण काढतो. या दोन जेवणांचे इतिहास दूरदूरच्या देशांत सुरू झाले असले, तरी वाटेंत ते एकमेकांस अनेकदां भेटलेले आहेत.

जपानी प्रवाशाची शिदोरी फार जुनी. भात शिजवून वाळवावयाचा, तो पिशवींत बांधून न्यावयाचा, आणि वाटेंत पाण्यांत भिजवून खावयाचा, ही तेथील सैनिकांची आणि यात्रेकरूंची शेंकडों वर्षांची रीत होती. आपल्याकडील पोह्यांशीं तिचें नातें सहज ध्यानांत येतें. भाताचा मुठींत दाबलेला गोळा, त्याच्या पोटांत उमेबोशी नांवाचें खारवलेलें आंबट फळ, हा दुसरा प्रकार. खारट व आंबट पदार्थामुळें भात लवकर बिघडत नाहीं, हें ज्ञान त्यामागें होतें. मराठी शेतकरी भाकरीबरोबर चटणी आणि कांदा बांधतो किंवा देशावरची गृहिणी प्रवासाला दशमी देते, त्यामागेंही असेंच पिढ्यांचें शहाणपण आहे. पुढें एदो शहराच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, भरभराटीच्या काळांत नाट्यगृहांत दोन अंकांच्या मधल्या वेळीं खावयाचा डबा निघाला. भाताचे लहान गोळे आणि शेजारीं चार प्रकारचीं तोंडीलावणीं असें त्याचें स्वरूप. अशा बांधून नेलेल्या जेवणास जपानी भाषेंत बेंतो म्हणतात.

त्याच एदो शहरांत रस्त्यावरचें स्वस्त जेवणही वाढीस लागलें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शिरका लावलेल्या भातावर ताज्या माशाचा काप ठेवून हातोहात देण्याची कला तेथें रूढ झाली. आज जगांतील श्रीमंत उपाहारगृहांत मिरवणारा हा सुशी नांवाचा पदार्थ त्या वेळीं हातगाडीवरचा होता; श्रमिकानें उभ्या उभ्या दोन घास खावे आणि कामाला लागावें, एवढीच त्याची योग्यता. सोबा नांवाच्या कुट्टूच्या पिठाच्या शेवयांचा वाडगा १६ मोन इतक्या ठरलेल्या किंमतीस दीर्घकाळ मिळत असे. किंमत ठरलेली, माप ठरलेलें, आणि वाढणारा तत्पर. स्वस्त जेवणाचीं हीं तीन सूत्रें त्या काळींच पक्कीं झालीं होतीं.

मग आगगाडी आली, आणि येथून दोन्ही देशांच्या वाटा फुटल्या. हिंदुस्थानांत मुंबई ते ठाणें ही गाडी १८५३ सालीं सुरू झाली. १८५८ मध्यें खंडाळा ते पुणें हा मार्ग उघडला आणि १८६३ मध्यें बोरघाटाचें काम पुरें होऊन मुंबई पुण्यास जोडली गेली. जपानची पहिली आगगाडी शिंबाशी ते योकोहामा अशी १८७२ सालीं धांवली. म्हणजे आगगाडीच्या बाबतींत मावळ जपानच्या पुढें होता. परंतु स्टेशनावरील जेवणाच्या बाबतींत जपाननें निराळी गति घेतली. १८८५ सालीं उत्सुनोमिया स्टेशनावर उमेबोशी घातलेले दोन भातगोळे आणि मुळ्याचें लोणचें बांबूच्या सालींत गुंडाळून पांच सेन किंमतीस विकलें गेलें, आणि तेथून स्टेशनावरच्या बेंतोची परंपरा सुरू झाली, असें सामान्यतः सांगतात. पुढें तेथील जवळजवळ प्रत्येक प्रांतानें आपापल्या स्टेशनावर आपल्या समुद्रांतील मासे, आपल्या डोंगरांतील अळंबीं आणि आपल्या शेतांतील भाज्या घालून स्वतःचा असा डबा प्रसिद्ध केला. थोड्या पैशांत प्रवाशाला त्या प्रांताची ओळख घडूं लागली.

आपल्याकडे असें कां झालें नाहीं? येथें अन्नाला तोटा नव्हता आणि सुगरणींनाही नव्हता. अडचण होती ती शिजविणाऱ्या हातांच्या जातीची. स्टेशनावर पाण्याचेसुद्धां हिंदु पाणी आणि मुसलमान पाणी असे दोन वेगळे घडे ठेवावे लागत, त्या देशांत परक्या हातचा भात उघड्या फलाटावर विकला जाणें कठीणच होतें. डब्यांत शेजारीं कोण बसला आहे याकडे पाहून लोक शिदोरी सोडीत. म्हणून मराठी प्रवाशानें आपलें जेवण घरून नेलें. आणि घरून नेणें अशक्य झालें, तेव्हां घरचें जेवण मागून येण्याची व्यवस्था शोधून काढली.

ती व्यवस्था म्हणजे मुंबईचा डबेवाला. आणि त्याचें मूळ याच मुलखांत आहे. १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं मुंबईंत कचेऱ्यांतील लोकांना घरचे डबे पोंचविण्याचें काम संघटितपणें सुरू केलें. मावळ, खेड, आंबेगांव आणि जुन्नर हे या धंद्यांतील माणसांचे तालुके. आणि चाकण हें खेड तालुक्यांतीलच गांव. डोंगराळ जमीन, पावसावरची शेती आणि वाटण्या होऊन तुटलेलीं वावरें यांमुळें या गडीमाणसांना मुंबईची वाट धरावी लागली. पांढरी टोपी, गळ्यांत माळ, डोक्यावर लांबट फळी, आणि डब्यांच्या झांकणांवर रंगानें काढलेल्या खुणा, एवढ्या सामग्रीवर त्यांनीं लाखों डबे बिनचूक पोंचविले. अक्षरशत्रु माणसालाही कळावी अशी ती खुणांची भाषा पुढें व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांच्या कौतुकाचा विषय झाली. २०२० सालच्या साथींत कचेऱ्या बंद पडल्या आणि या धंद्यास असा तडाखा बसला कीं त्याची पूर्वीची संख्या पुन्हां भरून आली नाहीं. तरीही एक गोष्ट इतिहासांत नोंदलेली राहील. जपाननें परक्याच्या हातचें जेवण विश्वासानें विकत घेण्याची सोय केली. मराठी माणसानें घरच्या हातचें जेवण परक्याच्या हातीं विश्वासानें सोंपविण्याची सोय केली. विश्वास दोन्हींकडे होता. तो कोठपर्यंत पोंचावा, याची सीमा मात्र निरनिराळी होती.

आतां जपानी जेवणाच्या दुसऱ्या धाग्याकडे वळावें, कारण तो धागा हिंदुस्थानांतून गेलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जपानी आरमारांत काक्के, म्हणजे बेरीबेरी, या रोगानें कहर मांडला होता. पांढराशुभ्र सडलेला भात पोटभर मिळणें हें खलाशांना वैभव वाटे, आणि त्या भातानेंच त्यांचे पाय सुजत व हृदय थकत असे. १८८२-८३ मध्यें र्‍यूजो या जहाजाच्या सफरींत ३७६ माणसांपैकीं १६९ जणांस हा रोग जडला आणि २५ जण दगावले. लंडनमध्यें शिकून आलेले आरमारी वैद्य ताकाकी कानेहिरो यांनीं रोगाचें मूळ आहारांत आहे असें हेरून १८८४ मध्यें त्सुकुबा हें जहाज त्याच मार्गानें, परंतु निराळा शिधा देऊन पाठविलें. त्या सफरींत या रोगानें एकही बळी घेतला नाहीं. रोगाचें खरें कारण, म्हणजे भाताच्या कोंड्यांतील जीवनसत्त्वाचा अभाव, पुढें कित्येक वर्षांनीं कळलें. पण आहार बदलला पाहिजे हें ताकाकींनीं कृतीनें सिद्ध केलें.

आहार बदलावयाचा म्हणजे भाताबरोबर मांस, भाजी आणि पीठ हीं पोटांत गेलीं पाहिजेत. येथें इंग्रजी आरमाराची आमटी उपयोगीं पडली. इंग्रजांनीं हिंदुस्थानांतील मसाल्याची आमटी पीठ लावून दाट केली होती, तीच जपान्यांनीं भातावर ओतली. १९०८ सालच्या जपानी आरमाराच्या पाकपुस्तकांत या करी-भाताची कृति आहे, आणि आजही तेथील सागरी स्वसंरक्षण दलांत शुक्रवारीं करी-भात करण्याचा प्रघात आहे. जहाजावरून तो बराकींत, बराकींतून शाळेंत व कारखान्यांत, आणि तेथून प्रत्येक स्टेशनाजवळच्या स्वस्त भोजनगृहांत गेला. जपानांत प्रवास करणाऱ्या मराठी मनुष्याला कमी पैशांत मिळणारा, आणि पहिल्या घासांत थोडा ओळखीचा वाटणारा पदार्थ हाच.

थोडाच ओळखीचा, हें महत्त्वाचें. कारण तो दाट, गोडसर आणि मवाळ असतो. ही मवाळी एका हिंदी क्रांतिकारकास मानवली नाहीं. लॉर्ड हार्डिंजवरील १९१२ च्या बाँबहल्ल्यानंतर भूमिगत झालेले रासबिहारी बोस १९१५ सालीं जपानांत पोंचले. इंग्रज सरकारच्या दडपणामुळें त्यांना हद्दपार करण्याचा हुकूम सुटला, तेव्हां टोकियोंतील शिंजुकु भागांतल्या नाकामुराया नांवाच्या पावाच्या दुकानाचे मालक सोमा दंपती यांनीं त्यांना आपल्या घरीं लपविलें. पुढें १९१८ सालीं त्यांची कन्या तोशिको हिच्याशीं बोस यांचा विवाह झाला. तोशिको १९२५ सालीं वारली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९२७ मध्यें, नाकामुरायानें भोजनगृह उघडलें आणि बोस यांच्या आग्रहानें तेथें पीठ न लावलेली, खऱ्या मसाल्याची हिंदी करी मिळूं लागली. इतरत्र करी-भात दहाबारा सेनांना मिळत असतां येथें ८० सेन पडत. तरीही लोक येत. एका देशाच्या स्वातंत्र्याची तळमळ आणि दुसऱ्या देशांतील आसऱ्याची कृतज्ञता एका पानांत वाढली गेली, असें उदाहरण विरळा.

जपानी आरमारानें करी-भाताची कृति छापली त्याच १९०८ सालीं, चाकणच्या पलीकडे तळेगांव दाभाडे येथें एक भट्टी पेटली. अंताजी दामोदर काळे यांनीं प्रत्येक माणसाकडून वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभारला होता. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या फंडांतून तळेगांवास काचेचा कारखाना निघाला, आणि त्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आली. ते काचविद्या शिकले होते जपानांत आणि अमेरिकेंत. आजच्या जपानी कारखान्यांच्या कितीतरी आधीं या पट्ट्यांत जपानी कारागिरीचें ज्ञान आलें, तें असें एकेका पैशाच्या बळावर. थोडक्या पैशाची किंमत ज्या प्रदेशानें इतक्या लवकर ओळखली, त्याला स्वस्त जेवणाचें मोल निराळें सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर या मुलखाचें रूप पालटलें. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि वावरांवर कारखान्यांच्या आडव्या छपरांची रांग उभी राहिली. १९७० मध्यें पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आणि १९८२ मध्यें महानगरपालिका मिळाली. १९८० नंतरच्या दशकांत बजाज आणि कावासाकी यांच्या सहकार्यानें दुचाकी गाड्या निघाल्या. पुढें चाकणास कारखान्यांची मोठी वसाहत झाली आणि २०१३ मध्यें तेथें ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना सुरू झाला. या सर्व काळांत दुपारच्या जेवणालाही कायद्याचें रूप आलें होतें. १९४८ च्या कारखाना अधिनियमानें अडीचशेंहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणीं उपाहारगृह चालविण्याची जबाबदारी मालकावर टाकण्याची तरतूद केली. ज्या समाजांत पाण्याचे घडे वेगळे होते, त्याच समाजांत एका लांब टेबलाशीं सर्व जातींच्या माणसांनीं एकाच पातेल्यांतील आमटी घ्यावयाची, हा बदल कित्येक सुधारकांच्या व्याख्यानांहून मोठा होता; आणि तो जेवणाच्या सुटींत, फारसा गाजावाजा न होतां घडला.

जपानांत ज्याला तेइशोकु म्हणतात, त्या ठराविक ताटाची कल्पनाही येथें परकी नाहीं. भात, कढत सोयाबिनाचें सार, लोणचें आणि एक मुख्य पदार्थ, असें तें ताट. ग्राहकानें बसावें, बोटानें दाखवावें, आणि थोड्या वेळांत जेवून उठावें. आपल्या खाणावळींतील राईसप्लेट हें त्याचेंच मराठी भावंड. निवडीचा पसारा कमी, म्हणून नासाडी कमी. जागा लवकर रिकामी होते, म्हणून भाडें वांटलें जातें. रात्रीपेक्षां दुपारचा दर उतरता, कारण दुपारचा ग्राहक रोजचा असतो. पांचशें येनचें नाणें जपानांत १९८२ सालीं निघालें, आणि पुढें एका नाण्यांत मिळणारें दुपारचें जेवण अशी बोलीच तेथें रूढ झाली. स्वस्ताई म्हणजे हलकेपणा ही समजूत तेथें टिकत नाहीं. वाडगा स्वच्छ असतो, भात ताजा असतो, आणि वाढणारा माणूस ग्राहकाला वाकून निरोप देतो.

मग हेंच जेवण पुण्यांत किंवा चाकणच्या रस्त्यावर आलें म्हणजे महाग कां होतें? जपानी पाहुण्यांसाठीं येथें उपाहारगृहें निघालीं, पण त्यांतील तांदूळ, समुद्रशेवाळ आणि सोयाबिनाचें आंबवण हीं दूरच्या देशांतून यावयाचीं. त्यामुळें टोकियोंतील मजुराचें पान येथें साहेबाचें पान होतें. शिवाय अडचणी आहेतच. जपानी साराचा पाया असलेल्या दाशीमध्यें बहुधा वाळवलेल्या माशाचा अंश असतो, म्हणून भाजीचें सार देखील शाकाहारी मराठी पाहुण्यास चालत नाहीं. उलट तेथील भातावरच्या लोकप्रिय गोमांसाचा वाडगा महाराष्ट्रांत मिळावयाचा नाहीं. तेथील बौद्ध मठांनीं मात्र समुद्रशेवाळ आणि वाळविलेलीं अळंबीं यांचें शाकाहारी सार कधींच सिद्ध केलेलें आहे. तेव्हां वाट अडलेली नाहीं.

खरी गंमत अशी कीं, त्या स्वस्त करी-भाताचें बहुतेक सामान चाकणच्या बाजारांत पडलेलें आहे. जपानी करींत मांसाखेरीज मुख्यतः तीन वस्तु लागतात : कांदा, बटाटा आणि गाजर. चाकणची बाजारपेठ कांद्याबटाट्यासाठींच नांवाजलेली. बटाटा या शब्दाचीही एक कथा आहे. मराठींत तो पोर्तुगीजांकडून आला. जपानी लोकांनीं त्याला जकार्त्याहून डचांनीं आणलेला कंद म्हणून जागाइमो म्हटलें. एकाच कंदाला दोन देशांनीं दोन दर्यावर्दींच्या आठवणीनें नांवें दिलीं. आणि भात? काड्यांनीं उचलतां यावा इतका चिकट तांदूळ मावळांत पिकतो. वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रानें १९८७ सालीं आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरांतून इंद्रायणी ही जात काढली. ती सुवासिक, मऊ आणि किंचित् चिकट असते. जिच्या कांठीं देहू आणि आळंदी वसलीं, त्या नदीचें नांव धारण करणारा हा तांदूळ परदेशस्थ पाहुण्याच्या वाडग्यांतही शोभेल.

यांत एक दुखरी बाजूही आहे. इंद्रायणी पिकविणारीं वावरें वर्षानुवर्षें कमी होत गेलीं, कारण त्यांच्यावर कारखाने आणि इमारती उभ्या राहिल्या. ज्यांच्या आजोबांनीं मुंबईस डबे पोंचविले, त्यांचीं नातवंडें आज आपल्याच गांवच्या फाटकावर कामाला जातात. कायमच्या कामगाराला उपाहारगृहाचें ताट मिळतें. कंत्राटी मजूर पुष्कळदां भिंतीबाहेर, झाडाच्या सांवलींत, वडापाव खाऊन दुपार काढतो. स्वस्त जेवणाचा इतिहास लिहितांना या झाडाखालच्या माणसाला वगळून चालणार नाहीं, कारण सोबाचा वाडगा, भातगोळा आणि राईसप्लेट हीं सर्व मुळांत त्याच्यासाठींच जन्मास आलीं.

जपानी मनुष्य जेवणास आरंभ करतांना हात जोडून इतादाकिमासु म्हणतो. हें मी नम्रपणें स्वीकारतों, असा त्याचा आशय. मराठी घरांत पहिल्या घासापूर्वीं श्लोक म्हणण्याची रीत होती, आणि ताटाभोंवतीं पाणी फिरविण्याचीही. दोन्ही रीतींत अन्नदात्याचें स्मरण आहे. शेतकऱ्याचें, शिजविणाऱ्याचें आणि वाहून आणणाऱ्याचें. चाकणच्या एखाद्या साध्या खाणावळींत इंद्रायणीचा भात, चाकणचा कांदाबटाटा आणि समुद्रापलीकडून फिरून घरीं आलेली ती मवाळ आमटी, असें पान राईसप्लेटच्या दरांत मांडलें गेलें, आणि त्यावर परदेशचा अभियंता व फाटकाबाहेरचा मजूर शेजारीं शेजारीं बसले, तर उत्सुनोमियाच्या फलाटावर विकल्या गेलेल्या त्या दोन भातगोळ्यांचा प्रवास योग्य स्थळीं पोंचला असें म्हणतां येईल.